हिरवा माणूस किती सेकंद?

संगणकाला कामाला कसं लावायचं, म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहायचा, हे शिकवणारी पुस्तकं बहुधा एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. पडद्यावर ‘नमस्कार’ अशी अक्षरं उमटवायची. ती उमटतात, शिकणाऱ्याला आनंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो विचारतो, पुढे काय? या ‘पुढे काय’ला माझ्याकडे एक उत्तर आहे. पादचाऱ्यांचा सिग्नल करा. पडद्यावर एक रस्ता काढा. गाड्यांसाठी लाल, पिवळा, हिरवा असे तीन दिवे, माणसांसाठी लाल आणि हिरवा असे दोन दिवे, आणि खांबावर एक बटण. बटण दाबलं की थोड्या वेळाने गाड्या थांबाव्यात, माणसं पलीकडे जावीत, आणि गाड्या पुन्हा सुरू व्हाव्यात. बस्स, एवढंच.

मी काही संगणकातला माणूस नव्हे. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन, आणि पुढचं आयुष्य ओळींच्या मात्रा मोजण्यात गेलं. पण माझी भाची आठवीत आहे. तिने सुट्टीत हा उद्योग माझ्याच टेबलावर बसून केला आणि मी शेजारी बसून पाहिला. पाहता पाहता लक्षात आलं, की यात शिकण्यासारखं जे आहे ते निम्मं संगणकातलं आहे आणि निम्मं रस्त्यावरचं.

साधनांचं अवडंबर नको. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी काढलेलं ‘स्क्रॅच’ फुकट मिळतं. त्यात लिहावं लागत नाही; रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. जरा मोठ्यांनी पायथॉन ही भाषा घ्यावी. ज्याला खरेच दिवे पेटवायचे असतील त्याने आर्डुइनोचं छोटं सर्किट आणि पाच एलईडी आणावेत, आणि प्रत्येक दिव्याला एक रेझिस्टर जोडावा, नाही तर दिवा जळण्याची भीती. पण पहिल्या दिवशी यातलं काहीच नको. वही आणि पेन्सिल पुरे. वहीत साध्या मराठीत लिहा:

गाड्यांना हिरवा, माणसांना लाल. बटणाची वाट पाहा. बटण दाबलं की गाड्यांना पिवळा. मग गाड्यांना लाल. मग माणसांना हिरवा. मग माणसांना लाल. मग गाड्यांना हिरवा. पुन्हा पहिल्यापासून.

वाचताना यात काही चूक वाटत नाही. भाचीने हेच ठोकळ्यांत मांडलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर काहीच झालं नाही. म्हणजे खरं तर सगळं झालं होतं, पण डोळ्याला दिसायच्या आत. पिवळा आणि लाल यांच्या मध्ये जरा थांबायचं असतं, हे आपण त्याला सांगितलंच नव्हतं. आपल्या घरात ‘चहा ठेव’ म्हटलं की गॅस पेटवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. संगणक या घरातला नाही. मग प्रत्येक पायरीनंतर ‘इतके सेकंद थांब’ अशी ओळ घालायची. पिवळ्याला तीन सेकंद, माणसांच्या हिरव्याला दहा, असं काहीतरी. दिवे नीट लागू लागले. भाचीला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. कारण ‘थांब’ हाच शब्द पुढचा घोटाळा करतो. संगणकाला ‘वीस सेकंद थांब’ म्हटलं की तो डोळे मिटून, कान बंद करून थांबतो. समजा, गाड्या नुकत्याच सुटल्या आहेत. त्यांना निदान वीस सेकंद तरी जाऊ द्यायचं, कारण तसं केलं नाही तर रस्त्यावरची पोरं एकामागून एक बटण दाबतील आणि एकही गाडी हलणार नाही. तर प्रोग्रॅम वीस सेकंद थांबलेला आहे. तेवढ्यात एक बाई आल्या, त्यांनी सभ्यपणे एकदा बटण दाबलं आणि बोट काढून उभ्या राहिल्या. वीस सेकंदांनी प्रोग्रॅम जागा झाला, त्याने बटणाकडे पाहिलं. बटण तर आत्ता कोणी दाबलेलं नाही! बाई उभ्याच. बाबू जेवायला गेलेला असताना खिडकीत ठेवलेला अर्ज वाऱ्याने उडून जावा, तसा प्रकार.

यावर उपाय आपल्या कचेऱ्यांनीच शोधून ठेवलेला आहे: आवक रजिस्टर. बटण दाबलं जाताच नोंद करायची, ‘विनंती आली आहे’. बोट काढलं तरी नोंद राहते. आणि प्रोग्रॅमने एकदम वीस सेकंद झोपायचं नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी डुलकी घ्यायची, उठून रजिस्टर पाहायचं, घड्याळ पाहायचं, आणि काम नसेल तर पुन्हा डुलकी. ‘किमान वेळ झाला का’ आणि ‘विनंती आहे का’ या दोन्हींचं उत्तर हो आलं की मगच पिवळा.

बरं, ही नोंद खोडायची कधी? भाचीने ती सगळं पार पडल्यावर, म्हणजे गाड्या पुन्हा सुटताना खोडली. दिसायला रीतसर. पण एक म्हातारे गृहस्थ माणसांचा हिरवा संपता संपता आले, आता निघण्यात अर्थ नाही असं पाहून त्यांनी पुढच्या वेळेसाठी बटण दाबलं, आणि दोन क्षणांनी त्यांचा अर्जही जुन्या अर्जाबरोबर खोडला गेला. म्हणून नोंद खोडायची ती हिरवा लागतो त्या क्षणी. नंतर आलेला अर्ज हा नवा अर्ज. एवढीशी गोष्ट, पण प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं.

आता माझ्या आवडीचा भाग. गाड्यांचे तीन दिवे. प्रत्येक दिवा एक तर लागलेला असतो किंवा विझलेला. तीन दिव्यांच्या किती तऱ्हा होतील? आठ. वृत्तं शिकलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. अक्षर एक तर लघू असतं किंवा गुरू. तीन अक्षरांचा गण. आणि गण आठच. य, र, त, न, भ, ज, स, म. ज्याने शाळेत गण पाडले, त्याने संगणकाचं पहिलं गणित नकळत केलेलं आहे. माणसांचे दोन दिवे मिळवले की पाच दिव्यांच्या बत्तीस तऱ्हा होतात. आणि या बत्तिसांपैकी आपल्या रस्त्याला चालणाऱ्या किती? गाड्यांना हिरवा आणि माणसांना लाल. गाड्यांना पिवळा आणि माणसांना लाल. दोघांनाही लाल. गाड्यांना लाल आणि माणसांना हिरवा. माणसांचा हिरवा लुकलुकताना तो क्षणभर विझतो, ती पाचवी. बाकी सत्तावीस निरर्थक, आणि त्यांतली एक जीवघेणी: दोघांनाही हिरवा.

म्हणून जाणकार सांगतात, दिव्यांना सुटे हुकूम देऊ नका. ‘हा लाव, तो विझव’ असं करत गेलं की कधीतरी एखादा विझवायचा राहतो. त्याऐवजी अवस्था ठरवा. ‘गाड्यांची वेळ’, ‘गाड्यांना इशारा’, ‘सगळे थांबा’, ‘माणसांची वेळ’, ‘माणसांना इशारा’. माणसांच्या इशाऱ्यानंतर पुन्हा एकदा ‘सगळे थांबा’. प्रोग्रॅम कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेत असतो, आणि प्रत्येक अवस्थेचे दिवे एका तक्त्यात लिहिलेले असतात. दोघांनाही हिरवा अशी अवस्था तक्त्यातच नाही, मग ती प्रोग्रॅमला बोलताच येत नाही. वृत्तात लिहिताना नको तो शब्द ओळीत बसतच नाही, तसंच. खऱ्या रस्त्यावर मात्र एवढ्यावर भागवत नाहीत. चांगल्या सिग्नलच्या पेटीत एक स्वतंत्र पहारेकरी यंत्र असतं. प्रोग्रॅम काय म्हणतो याच्याशी त्याला घेणं नसतं. प्रत्यक्ष दिव्यांच्या तारांत वीज कुठे आहे एवढंच ते बघतं. दोन विरोधी हिरवे एकदम दिसले की नेहमीचा क्रम बंद पाडून दिवे लुकलुकते करतं. आपल्याही प्रोग्रॅममध्ये अशी एक ओळ असावी.

या सगळ्याची एक जन्मकथाही आहे. रहदारीचा पहिला सिग्नल गाड्यांसाठी नव्हे, पायी चालणाऱ्यांसाठी होता. लंडनच्या पार्लमेंटसमोर खासदारांना रस्ता ओलांडता येईना, म्हणून जॉन पीक नाइट या रेल्वेच्या माणसाच्या कल्पनेतून डिसेंबर १८६८मध्ये तिथे खांब उभा राहिला. रेल्वेसारखे हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. पोलीस ते हाताने फिरवायचा. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला.

बटण दाबून रस्ता मागण्याची एक पद्धत ब्रिटनमध्ये १९६२ साली ‘पांडा क्रॉसिंग’ या नावाने आली. त्यात दिवे वेगवेगळ्या लयींत उघडझाप करायचे आणि लयीवरून अर्थ ओळखायचा. वाटेने जाणाऱ्या माणसाने आणि भरधाव येणाऱ्या ड्रायव्हरने दिव्याची लय ओळखून निर्णय घ्यायचा, ही अपेक्षा माझ्यासारख्या वृत्तवेड्यालाही जास्त वाटते. लोक गोंधळले, पांडा गेला. १९६९ साली सुटसुटीत ‘पेलिकन’ आला. ‘पादचारी’, ‘दिवा’ आणि ‘नियंत्रित’ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं ते नाव. नवशिके जो प्रोग्रॅम लिहितात तो बहुतेक या पेलिकनचाच भाऊ असतो. २०१६च्या नियमांनंतर ब्रिटनमध्ये नवे पेलिकन बसवणं बंद झालं. त्यांची जागा घेणाऱ्या ‘पफिन’मध्ये रस्त्यात कोणी आहे का हे पाहणारे डोळे असतात, माणूस मध्येच असेल तर लाल थोडा लांबतो, सगळे लवकर पार झाले तर गाड्यांना लवकर सोडतो.

आता सेकंद. माणसांचा हिरवा स्थिर असतो तेव्हा त्याचा अर्थ ‘निघा’. तो लुकलुकू लागला की अर्थ बदलतो: ‘आता नव्याने निघू नका, पण निघाला असाल तर पलीकडे पोहोचा’. म्हणजे स्थिर हिरव्याच्या अगदी शेवटच्या क्षणी ज्याने पाऊल टाकलं, त्याला लुकलुकत्या वेळात रस्ता पार करता आला पाहिजे. गणित तिसरी-चौथीचं आहे. रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. साडेतीन मीटरच्या चार लेन म्हणजे चौदा मीटर. वेग किती धरायचा? वाहतुकीचे अभियंते वर्षानुवर्षं सेकंदाला १.२ मीटर धरत आले. चौदा भागिले १.२, म्हणजे बारा सेकंदांना थोडे कमी. भाचीने १२ लिहिले.

पण १.२ मीटर हा वेग कोणाचा? धडधाकट माणसाचा. इंग्लंडमध्ये पासष्ट वर्षांपुढच्या लोकांच्या चालण्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर निघाला आणि बायकांचा ०.८. अमेरिकेच्या सिग्नल-नियमावलीने २००९ साली आपला आकडा सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला, म्हणजे साधारण १.०७ मीटर. तोही वृद्धांच्या वेगाहून जास्तच.

हे वाचून झाल्यावर भाचीने टेप आणली आणि आमच्या इमारतीच्या व्हरांड्यात खडूने दहा मीटर आखले. अम्मीला काठीसकट एका रेघेशी उभं केलं. अम्मी म्हणाली, “काय गं, कफनाचं माप घेतेस का माझ्या?” भाची म्हणाली, “नानी, तू फक्त रोजच्यासारखी चाल.” तेरा सेकंद लागले. दहा भागिले तेरा, म्हणजे ०.७७. चौदा मीटरच्या रस्त्याला अठरा सेकंदांहून थोडे जास्त. बारा सेकंदांचा हिरवा संपतो तेव्हा अम्मी सव्वानऊ मीटरवर असते, तिसऱ्या लेनमध्ये. चौथीतल्या गाड्या तेव्हा गिअर टाकत असतात.

भाचीने पडद्यावर चालणाऱ्या माणसाचं चित्र काढून टाकलं आणि काठीवाली बाई काढली. तशी दुनियाही थोडी बदलते आहेच. २०२० साली मुंबईत दादर भागातल्या सिग्नलवर चालणाऱ्या पुरुषाच्या जोडीला झगा घातलेली बाई आली. पण तिच्याही हातात काठी नाही. बाराचे एकोणीस सेकंद झाले.

कोणी म्हणेल, एका म्हातारीसाठी इतक्या गाड्या खोळंबवायच्या? प्रोग्रॅमचा फायदा हा की ‘इतक्या’ म्हणजे किती ते मोजता येतं. समजा, दर दोन सेकंदांना एक गाडी येते. सात सेकंद जास्त, म्हणजे प्रत्येक वेळी साडेतीन गाड्या जास्त थांबल्या. एवढाच हिशेब. आणि तो कायमचाही नाही, कारण पफिनसारखी एक ओळ घातली, ‘रस्त्यात कोणी उरलं नसेल तर आटोप’, की कॉलेजची मुलं पार झाल्यावर गाड्या लगेच सुटतात आणि एकोणीस सेकंद फक्त ज्याला लागतात त्यालाच मिळतात. सिंगापूरने २००९पासून दुसरी वाट काढली आहे. तिथे वृद्ध माणूस आपलं सवलतीचं कार्ड खांबाला टेकवतो आणि हिरवा त्याच्यापुरता काही सेकंद वाढतो.

हे खेळण्यातलं गणित नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची सरासरी काढली तर नव्वदच्या आसपास.

इथे पडदा आणि रस्ता यांच्यातलं अंतरही सांगायला हवं. पडद्यावरची गाडी लाल दिव्याला थांबते, कारण आपण तसं लिहिलं. आमच्याकडे माणूस सिग्नल बघून नव्हे, उजवा हात आडवा धरून, ड्रायव्हरच्या नजरेला नजर देऊन रस्ता ओलांडतो. मी भाचीला म्हटलं, तुझ्या गाड्या फारच खानदानी आहेत. तिने मग फासा टाकणारा ठोकळा लावला: एक ते दहांतला आकडा काढ, एक आला तर ही रिक्षा लालला थांबणार नाही. पहिल्याच फेरीत रिक्षा काठीवाल्या बाईवरून गेली आणि आम्ही दोघंही काही वेळ गप्प बसलो. त्यानंतर ‘सगळे थांबा’ ही अवस्था एका सेकंदाची तीन सेकंदांची झाली. गाड्यांना लाल लागल्यानंतर माणसांना लगेच हिरवा द्यायचा नाही, घुसणारा घुसून जाऊ द्यायचा. याने सगळं भागत नाही. लाल लागून पाच सेकंद झाल्यावर घुसणाऱ्याला कोणताही प्रोग्रॅम आवरू शकत नाही.

बटणाचं दुसरं एक लबाड रूपही आहे. २००४ साली न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की त्या शहरातली पादचाऱ्यांची बहुतेक बटणं केव्हाच निकामी करून ठेवलेली आहेत. सिग्नल घड्याळाप्रमाणे चालतात, लोक आपले दाबत राहतात. भाचीला ही गंमत वाटली. मला नाही वाटली. बटण खोटं असेल तर ते नसावं. आणि खरं असेल तर दाबल्याबरोबर तिथे ‘थांबा’ अशी काहीतरी खूण उजळावी, म्हणजे अर्ज पोहोचल्याची पोच मिळते. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली बोटाएवढा एक खरबरीत शंकू असतो. हिरवा लागला की तो फिरू लागतो. ज्याला दिसत नाही तो माणूस त्याच्यावर बोट ठेवून उभा असतो. जवळजवळ दोन क्रॉसिंग असली तर शिटीचा आवाज कुठल्या खांबाचा हे कळत नाही आणि घात होऊ शकतो. बोटाखालचा शंकू मात्र आपल्याच खांबाचा असतो. पडद्यावर शंकू जमत नाही, म्हणून तिथे आवाजावरच भागवावं लागतं.

एवढं जमल्यावर पुढचा धडा म्हणून मुंबईचा एक प्रयोग घ्यावा. तिथल्या पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडून पाहिलं होतं, आणि जानेवारी २०२०च्या शेवटी त्याची चित्रफीत लोकांपुढे आणली. लाल दिव्याला उभ्या गाड्यांनी हॉर्नचा कलकलाट करून ८५ डेसिबलची मर्यादा ओलांडली की लालचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. प्रोग्रॅममध्ये ही एकच ओळ आहे: आवाज पंच्याऐंशीच्या वर गेला तर मोजणी पुन्हा सुरुवातीला ने. संगणकाचा मायक्रोफोन चालू करा आणि मुलांना ओरडायला सांगा, ती आनंदाने ओरडतात. लिहिणाऱ्याने फक्त एक आधी ठरवून ठेवावं: गाड्यांचा लाल असा लांबत असताना माणसांचा हिरवाही त्याबरोबर लांबवायचा, की त्यांना आपला कोपऱ्यावर उभं ठेवायचं.